थांब्याचा पुढचा गळ

मी, दुकानातली थोरली, वय एकावन्न, शाळा चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, म्हणून तर लिहायला बसले. येत्या सोमवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, आणि म्हणताना खिडकीबाहेर बघतात. मला कोणी धमकावलेलं नाही की गोड बोलून वळवलेलं नाही. गोड बोलून मला वळवणं कुणाला जमलं असतं तर माझा संसार जरा शांततेत झाला असता.

पूर्ण नाव आणि पत्ता वकीलबाईंनी वेगळ्या कागदावर टाइप केला आहे, तो याला टाचलेला आहे. इथे मी थोरलीच लिहिणार, कारण सगळी गिऱ्हाइकं मला तेच म्हणतात. वकीलबाईंनी तीन गोष्टी बजावल्या. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही करायची. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घ्यायचं नाही. आणि थोडक्यात लिहायचं. पहिल्या दोन मी पाळीन.

मंगळवार, दुपार.

कलम पहिलं. दुकान आणि त्यामागच्या तीन खोल्या. हे सगळं बाबांनी आम्हा दोघी बहिणींच्या नावावर अर्धं-अर्धं केलं. बाबा खोटे मासे बनवायचे. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: खोटा मासा म्हणजे लाकडाचा बोटभर मासा, वरून रंगवलेला, पोटाला एक आणि शेपटीला एक असे दोन गळ लोंबणारा. प्रत्येक गळाला तीन टोकं. तो दोरीला बांधून तलावात फेकायचा आणि ओढत आणायचा. मोठा मासा त्याला खाऊ समजून तोंड मारतो आणि अडकतो. लाकूड खरादी कातून देतो, रंग आणि गळ दुकानात लागतात.

बाबांनी कामाची वाटणी केली ती अशी: "थोरलीचा हात दणकट, तिला गळ. धाकटीचा हात हलका, तिला रंग." मी दहाची होते, ती पाचाची. गळांची घाई होती म्हणून माझी शाळा सुटली. रंगाची घाई नव्हती म्हणून ती दहावी झाली. मग हात हलका राहणारच.

माझा अर्धा हिस्सा माझ्या लेकीला द्यावा. अट एकच. दुकानाच्या बरोबर मधोमध भिंत घालावी, छतापर्यंत, आणि तिला खिडकी ठेवू नये. लेकीने तिच्या बाजूला बसावं, मावशीने मावशीच्या.

(भिंतीच्या अटीवर रेघ मारली आहे. शुक्रवार. सही, थोरली.)

कलम दुसरं. बँकेत जे आहे ते लेकीचं. किती आहे ते बँकेला विचारा.

कलम तिसरं. आईचा आरसा, लाकडी चौकटीचा, धाकटीला द्यावा. आई तिला त्याच्यासमोर स्टुलावर बसवून वेणी घालायची आणि म्हणायची, "बघ, कशी दिसतेस." माझी वेणी स्वयंपाकघरात, एका हाताने, दुसरा हात चुलीवरच्या भांड्याला. त्या आरशाला तिच्याच चेहऱ्याची सवय आहे. माझ्या खोलीत तो बारा वर्षं आहे, आणि अजून मला बघून बिचकतो.

कलम चौथं. हत्यारं. मोठी पक्कड, बारीक नाकाची पक्कड, कडी उघडायचा चिमटा, दोन कानशी, आणि गळांचे सगळे खणांचे डबे लेकीला. (बटणांचा डबा यात धरू नये, त्याचं पुढे येईल.) हत्यारं देऊन उपयोग नाही, अक्कल पण द्यायला हवी, म्हणून लिहिते.

गळ निवडताना आधी मासा हातात घ्यायचा, मग गळ बघायचा. लोक उलटं करतात. दोन्ही गळ लोंबू दिल्यावर पुढच्याचं टोक मागच्याला पोचता कामा नये, पोचलं तर दोघे एकमेकांत अडकतात आणि सबंध दिवस भांडत बसतात. गळ पोटापेक्षा रुंद हवा, नाहीतर टोकं लाकडाखाली लपतात आणि मासा नुसता चाटून जातो. आपल्या धंद्यात नंबर मोठा तर गळ लहान, हे विसरायचं नाही. सहा नंबर हा चार नंबरपेक्षा बारका. आपल्या घरातही तसंच आहे, जो लहान त्याचा नंबर वरचा.

टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं. बोथट झालेला कानशीने एकदा निघतो, दुसऱ्यांदा नाही. गंजलेला घासत बसू नये, फेकावा. आणि जो गळ मोठ्या माशाने एकदा सरळ केला तो पक्कडीने पुन्हा वाकवून लावू नये. दिसतो पहिल्यासारखा, पण त्याच्यातला जीव गेलेला असतो. गळ बदलताना कडीही बदलावी. कडी म्हणजे किल्ल्यांना असते तसलीच, दुहेरी वळणाची, पण नखाएवढी. ती चिमट्याने उघडायची, दाताने नाही. माझा पुढचा दात बघा.

हे कलम कुणालाही दाखवा, यात गुपित नाही.

कलम पाचवं. नवरा सात वर्षांपूर्वी गेला. चांगला होता. एकदाच चुकला. जेवताना म्हणाला, "तुझ्या बहिणीने माशाला डोळा काय काढलाय! वाटतं आपल्याकडेच बघतोय." मी म्हटलं, "मग तिच्याकडेच जेव." तीन दिवस शेजारच्या शिवणवालीकडे चहा पिऊन राहिला, पण धाकटीकडे गेला नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. त्याची हातांची खुर्ची त्या शिवणवालीला द्यावी.

(रेघ. शिवणवालीला साक्षीदार घ्यायचं ठरलं, मग तिला खुर्ची देता येत नाही. तिला विचारलं, सही की खुर्ची? म्हणाली, "सही करते बाई, त्या खुर्चीत ढेकूण आहेत." खुर्ची खराद्याला द्यावी असं म्हटलं तर तोही साक्षीदार. शेवटी खुर्ची वकीलबाईंना. ढेकूण नाहीत. सही, थोरली.)

कलम सहावं. लेक. तिला मी काही वेगळं देत नाही, फक्त एक गोष्ट लिहून ठेवते. ती माझ्या पोटची, पण सावली मावशीची. शाळेतून आली की दप्तर माझ्या बाकावर आणि ती स्वतः मावशीच्या. ताप आला तर औषध माझ्या हातून, गोष्ट मावशीच्या तोंडून. त्या छपाईवाल्याच्या मुलाशी तिचं जमलंय हे मावशीला सहा महिने आधी ठाऊक, मला शिवणवालीकडून कळलं. विचारलं तर म्हणाली, "आई, तुला सांगायचं म्हणजे आधी पक्कड खाली ठेवायला सांगावी लागते." मग ठेवली असती. कुणी सांगितलंच नाही.

मला हेवा वाटतो. लोक म्हणतात, सख्ख्या बहिणीचा कसला हेवा? अहो, सख्खीचाच वाटतो. रस्त्यावरच्या बाईचा करून काय मिळणार?

कलम सातवं. बटणांचा डबा. माझ्या बाकाखाली उजव्या कोपऱ्यात पत्र्याचा डबा आहे, वर बटणं आहेत. मी गेल्यावर खराद्याने तो न उघडता नावेतून तलावाच्या मध्यावर न्यावा आणि पाण्यात सोडावा. कुणी का विचारलं तर थोरलीने सांगितलं एवढंच सांगावं.

बटणांखाली जे आहे त्याच्यावर अकरा वर्षं हे दुकान चाललं. धाकटी समजते तिच्या रंगावर चाललं. तिला मी जिवंतपणी सांगितलं नाही, मेल्यावरही सांगणार नाही. डबा बुडाला की तिचं तिला कळेल, कुणाच्या जिवावर ती मिरवत होती.

(या सबंध कलमावर रेघ. शुक्रवार. सही, थोरली. वकीलबाई, रेघ वाकडी आहे कारण पलंगावर लिहिते.)

बुधवार.

आज कलम नाही. पण ज्याच्यामुळे कलमं बदलली ते लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला वाटेल बाईचं डोकं फिरलं.

मी तीन आठवडे मागच्या खोलीत पडून आहे. माझ्या बाकावर लेक बसते. माझी खोली आणि दुकान यांच्यात नुसती फळ्यांची भिंत, सगळं ऐकू येतं. सकाळी मास्तर आले. मास्तर म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, शाळेतून निवृत्त झाल्यापासून तलावातून निवृत्त व्हायला तयार नाहीत. मासेमारीच्या मंडळाचे तेच म्होरके. मंडळासाठी त्यांनी गेल्या आठवड्यात बारा थांबे नेले होते.

थांब्या हा आमच्या दुकानाचा नावाजलेला मासा. बाकीचे खोटे मासे ओढणं थांबवलं की बुचासारखे वर येतात, नाहीतर दगडासारखे खाली जातात. थांब्या जिथे असेल तिथेच पाण्यात उभा राहतो. जिवंत मासा दचकून थांबतो, तसाच. मोठ्या माशाला राहवत नाही. दूरदूरून लोक येतात आणि मागतात, "धाकटीचा थांब्या द्या." डबीवर तसंच छापलं आहे. धाकटीचा थांब्या.

मास्तर म्हणाले, "बाई, हा थांब्या थांबत नाही."

धाकटी म्हणाली, "पाणी गार असेल मास्तर."

"पाणी तेच, तलाव तोच, मीही तोच. ओढणं थांबवलं की टुणकन वर. बाराच्या बारा."

"रंग तर तोच लावलाय मी. थरही तेवढेच."

"रंग देखणाच आहे हो. पण मासे खाली आहेत आणि तुमचा देखणा वर. त्यांनी काय दुर्बीण लावून बघायचं?"

मास्तर बारा डब्या ठेवून गेले. मग पाण्याचा टब सरकवल्याचा आवाज आला, मग एकेक मासा पाण्यात सोडल्याचा. मग लेक म्हणाली, "मावशी, आईला विचारू या का?"

"नको. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. कळलं तर उठून बसेल. आणि रंगाचं तिला काय विचारायचं?"

विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. पण हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी कूस बदलली. दुपारी ती मासे खरवडायला लागली. पात्याचा आवाज सारखा येत होता, खर्र, खर्र. मला बरं वाटत होतं. खोटं लिहिणार नाही, छान झोप लागली.

शुक्रवार.

काल दिवसभर खरवडणं. नवा रंग, नवं वार्निश, टबात टाकणं, पुन्हा खरवडणं. वार्निशचे थर वाढवले तर मासा कलंडायला लागला. आज सकाळी खर्र थांबलं आणि ती लेकीला म्हणाली, "माझा हात गेला गं."

"काहीतरीच काय."

"गेला. आई म्हणायची, हात ही उसनी गोष्ट आहे. तुझी आई बरी होऊन आली की दुकान तुम्ही दोघी बघा. तुझा तो छपाईवाला आहे ना, त्याच्या बापाकडे पाट्यांची अक्षरं रंगवायचं काम आहे. मी जाते तिकडे."

अकरा वर्षं, नव्हे, चाळीस वर्षं मला हेच हवं होतं. दुकान माझं, लेक माझ्या बाकाशेजारी, आणि धाकटी पाट्या रंगवतेय कुठेतरी. भिंत घालायचा खर्चही वाचला. मी उशीला टेकून आनंद होण्याची वाट बघत बसले.

झाला नाही. उलट संताप आला. हात गेला म्हणे! तिचा हात गेलेला नाही. तसा डोळा, तसा कल्ला, तशी पाठीवरची निळी झाक काढणारा माणूस मी दुसरा बघितलेला नाही, आणि मी गिऱ्हाइकांच्या हातातले शेकडो दुकानांचे मासे बघितलेत, गळ बदलायला सगळे माझ्याकडेच येतात. तिचा हात चांगला आहे म्हणून तर मी जळले. तो वाईट होता असं आता ठरलं तर मी आयुष्यभर जळले ती कशाला? राख काय फुकट झाली?

म्हणून कलम आठवं.

कलम आठवं. थांब्याची खरी हकिगत. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांची मोठी स्पर्धा होती. त्यांनी धाकटीकडून खास मासा रंगवून घेतला. दुकानात उभे राहून तिला म्हणाले, "बाई, हात आहे की जादू!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जरा गळ अडकवून द्या."

जरा.

माझ्याकडे एक बंद पडलेल्या कारखान्याचे जुने गळ होते. सहा नंबरचेच, दिसायला इतरांसारखेच, पण तार जाड. वजनाला भारी. मी त्या माशाच्या पोटाला तसला गळ लावला आणि शेपटीला नेहमीचा. मला वाटलं, नाकावर पडेल, तळाशी जाईल, मास्तर येऊन म्हणतील, बाई, तुमची जादू बुडाली. मी मुद्दाम केलं. चूक म्हणून नाही, विसरून नाही. मुद्दाम.

मास्तर आले ते हातभर लांबीचा मासा घेऊन. दारातूनच ओरडले, "थांबतो! पाण्यात उभा राहतो! बाई, हा काय रंग आहे?" तो मासा लाकूड, रंग आणि माझा जड गळ असा सगळा मिळून बरोब्बर पाण्याच्या वजनाचा झाला होता. ना बुडे, ना तरंगे. सगळं गाव धाकटीच्या पाया पडायचं तेवढं राहिलं. मी काय सांगणार? "माझ्या गळामुळे झालं" म्हणायचं तर "मी बुडवायला गेले होते" हेही म्हणावं लागलं असतं. तेव्हापासून प्रत्येक थांब्याचा पुढचा गळ मी दार लावून, टबात तोलून लावला. लोकांना वाटायचं थोरली खडूस, काम करताना कुणी बघितलेलं खपत नाही. खडूस आहेच, पण कारण हे.

लेकीने बाराही थांब्यांना खणातले साधे सहा नंबर लावले. तिची चूक नाही. मी शिकवलंच नव्हतं.

हे लिहून झालं आणि मग लक्षात आलं की मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. मी मरेपर्यंत ही बाई बाराच्या बारा मासे खरवडून टाकणार, आणि मी मेलेच नाही तर मग काय? म्हणून हाक मारली. धाकटी आली, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मी कागद पुढे केला, "आठवं कलम वाच. मोठ्याने. लेकीलाही ऐकू दे."

तिने वाचलं. "मुद्दाम" हा शब्द आल्यावर थांबली. मग शेवटपर्यंत वाचलं. कागद पलंगावर ठेवला.

"सात मासे खरवडले गं मी ताई. बोटं सोलली. आणि तू आत पडून ऐकत होतीस?"

"ऐकत होते."

"बरं वाटत होतं?"

"काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं."

लेक दारात उभी होती. तिचं तोंड उघडं. मला वाटलं आता रडारड होणार, कुणीतरी आईची शपथ घालणार, बाबांचा फोटो बघणार. धाकटी नुसती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. पाठ माझ्याकडे. तशीच म्हणाली, "मग रंगाचं काहीच नव्हतं त्यात?"

हा प्रश्न तिला किती महाग पडला ते मला कळलं, कारण तसले प्रश्न मी रोज पोटात ठेवून जगले आहे. मी म्हटलं, "तुझे सहाऐवजी सात थर असते तर माझा गळ जड पडला असता. पाच थर असते तर हलका. तू कधी पाचाचे सहा केले नाहीस की सहाचे सात. म्हणून मला दर वेळी तोच गळ चालला. दुसऱ्या कुणाचा हात असता तर मला रोज नवा तोल शोधावा लागला असता."

"हे तू आधी कधी म्हणाली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. रंगाचं मला काय विचारायचं!"

तेव्हा ती वळली, आणि पहिल्यांदा जरा लाजली. "ऐकलंस होय ते."

"भिंत फळ्यांची आहे."

"आणि तुझ्या हातासारखा हात मला हवा होता, हे तरी मी कधी म्हटलं गं? बाबा मला गळांना हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, ते थोरलीचं काम, त्याला ताकद लागते. मी शाळेत बसून रडायचे, तू दुकानात आहेस म्हणून."

ही बातमी मला नवी होती. माझा काही एकदम विश्वास बसलेला नाही, पण लिहून ठेवते.

मग तिने बारांतला न खरवडलेला एक मासा आणला, माझ्या हातात दिला आणि विचारलं, "पुढे की मागे?"

एवढंच विचारलं. माफ केलं की नाही ते नाही सांगितलं, आणि मीही मागितलेली नाही. मी म्हटलं, "पुढे. बाकाखालचा बटणांचा डबा आण, आणि पाण्याचं घमेलं." डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं, मी उशा लावून बसले. लेकीने कडी उघडून धरली, मी जाड गळ घातला, धाकटीने मासा पाण्यात सोडला. बोटभर खाली गेला आणि उभा राहिला. नाक किंचित खाली, शेपटी वर, आणि तो डोळा आमच्याकडे लागलेला.

लेक ओरडली, "मावशी, बघ गं!"

मासा मी थांबवला. हाक मावशीला. मी पक्कड खाली ठेवली.

कलम नववं. म्हणून आता असं ठरलं. बटणांचा डबा दोघींचा, धाकटीचा आणि लेकीचा. त्यात अंदाजे दोन वर्षं पुरतील एवढे गळ आहेत. ते संपले की तसले मिळणार नाहीत, कारखाना बंद आहे. मग नेहमीचा सहा नंबर घ्यावा आणि त्याच्या दांडीवर शिशाची बारीक तार गुंडाळावी, टबात बघून, एकेक वेढा वाढवत. थंडीच्या दिवसांत पाणी जड होतं, मासा वर यायला बघतो. तेव्हा पुढच्या कडीत आणखी एक रिकामी कडी अडकवावी. गिऱ्हाइकाने घरी स्वतः गळ बदलला आणि मासा थांबेनासा झाला, तर त्याला हसू नये. डबा उघडावा आणि योग्य गळ लावून द्यावा. दार लावायची गरज नाही.

माझा बाक लेकीचा, पण तो धाकटीच्या बाकाला लावून ठेवावा. मला ते डोळ्यांनी बघायचं नाही, म्हणून मी गेल्यावर लावावा. मी परत आले तर आहे तिथेच राहील.

शनिवार.

कलम दहावं. धाकटी काल म्हणाली, "डबीवरचं नाव बदलते. थोरलीचा आणि धाकटीचा थांब्या."

मी म्हटलं, "कधी?"

"तू बरी होऊन आलीस की."

"आणि नाही आले तर? मेल्यावर लिहिलंस तर मी वाचू कशी? रविवारच्या आत लिही. सोमवारी सकाळी सातला मला न्यायचंय."

"बारा डब्या आहेत ताई, हाताने लिहायच्या."

"तुझा हात हलका आहे ना?"

ती हसली. चिंध्या सोडून बसली आहे, आत्ता समोरच लिहितेय. माझं नाव आधी, कारण मी मोठी. दोन्ही नावांची अक्षरं एकाच मापाची असावीत, एकाच रंगाची, आणि तिच्या नावाला शेपटीबिपटी काढू नये. मी रविवारी पट्टी लावून बघणार आहे.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि जिथे रेघ आहे तिथे माझी सही आहे. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही, मनात पुष्कळ केली.

सही: थोरली

साक्षीदार पहिला: खरादी. माझ्यासमोर सही केली, हात स्थिर होता, तोंड चालू होतं.

साक्षीदार दुसरी: शेजारची शिवणवाली. मीही समोर होते. मला खुर्ची मिळालेली नाही.

ठिकाण: दुकानाच्या मागची खोली.
वार व तारीख: शनिवार, महिन्याची चौदा, दुपारी चार.

रविवार. ही ओळ सहीनंतर लिहिली आहे, कायद्यात बसत नसेल तर नसू दे. बाराही डब्या मोजल्या. अकरा बरोबर आहेत. एकीवर तिचं नाव सूतभर मोठं निघालं. पुसून पुन्हा लिहायला बसवलं आहे.